टेपमधला खड्डा

आमचे टायपिंगचे सर माणसं वेगावर मोजायचे. मिनिटाला किती शब्द, यावर. कोपऱ्यावरचा चहावाला त्यांच्या लेखी पंचेचाळीसचा माणूस होता, कारण तो गर्दीतही कप विसरत नसे. वॉर्डातला एक पुढारी पंधराचा होता, ‘आणि त्यातल्या धा चुका.’ लग्नाला जाऊन आले की नवरा-नवरीचे आकडे सांगायचे. दोघांत विसाच्या वर फरक असला की काळजीत पडायचे. मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा त्यांनी मला पाच मिनिटं टाइप करायला लावलं, कागद न बघताच माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “साठची हायस तू. पण तुझी न्हवं. दुसऱ्याची.”

त्यांच्या हस्ताक्षरातला एक कागदही मी कधी पाहिला नाही. दूधवाल्याला ‘उद्या अर्धा लिटर जास्त’ हे सांगायचं तरी ते कागद मशीनला लावायचे, डाव्या बाजूला समास सोडायचे आणि चिठ्ठी दाराला टाचायचे. दूधवाला बिचारा ती घडी घालून जपून ठेवायचा, त्याला ते सरकारी काहीतरी वाटायचं.

मी त्यांच्याकडे हौसेनं गेले नव्हते. माझे वडील सरकारी कचेरीत कारकून होते आणि नोकरीत असतानाच गेले. त्यांच्या जागी अनुकंपेवर मला घेतलं. अट अशी की दोन वर्षांत टायपिंगची परीक्षा पास व्हायची, नाहीतर नोकरी संपली. मराठी मी पहिल्याच खेपेला पास झाले होते. इंग्रजी चाळीसला दोनदा नापास झाले आणि आता एकच खेप उरली होती. धाकटा भाऊ अकरावीला, आई आयुष्यात कधी एकटी बाजारात न गेलेली, आणि राहायला ते सरकारी क्वार्टर, तेही माझ्या नोकरीच्या जोरावर. कचेरीतले एक गृहस्थ रोज पान लावता लावता “झालं का टायपिंग?” असं विचारायचे. त्यांना माझ्या उत्तरात नव्हे, माझ्या चेहऱ्यात रस होता. मग एक दिवस लेखी मेमोच आला. या खेपेला उत्तीर्ण न झाल्यास सेवा समाप्त करण्यात येईल. तो मेमो मी आईला दाखवला नाही. तांदळाच्या डब्याखालच्या वर्तमानपत्रात ठेवला, आणि रोज तांदूळ काढताना तो मला आठवायचा.

सरांचा क्लास कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीत एका धान्याच्या दुकानावर होता. लाकडी जिना, वर चौदा मशीनं, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि कोपऱ्यात कापडी खोळ शिवलेला एक टेपरेकॉर्डर. दुसऱ्या क्लासांत मास्तर टेबलावर पट्टी आपटून ताल देत. क्वचित कुठं बँडचं संगीत लावत. आमच्याकडे सर खोळ काढायचे, कॅसेट घालायचे आणि एक परदेशी काळं पोरगं बोलायला लागायचं.

बोलायला म्हणते, कारण ते गाणं नव्हतंच. रॅप म्हणतात हे मला नंतर कळलं. खाली ढोल कुणीतरी जमीन चोपावी तसा एकसारखा पडत होता, जुन्या पियानोचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येत होता, आणि वरून हे पोरगं न ओरडता, न थांबता सांगत सुटलं होतं. सरांचा भाचा मालवाहू बोटीवर नोकरीला होता. त्यानं कुठल्याशा बंदरात ही कॅसेट घेतली, एकदा ऐकली, आणि मामाला देऊन टाकली. त्या गाणाऱ्याची ती पहिलीच कॅसेट होती. वय असेल विसाचं.

पहिल्या दिवशीच्या त्या पाच मिनिटांनंतर मला सरांनी चार दिवस मशीनला हात लावू दिला नाही. नुसतं ऐकायचं. परीक्षेला दोन महिने राहिलेले, कचेरीतून मी धापा टाकत येणार, आणि इथं हात मांडीवर ठेवून न कळणारं इंग्रजी ऐकायचं. तिसऱ्या दिवशी मला रडूच आलं. मी म्हटलं, सर, माझ्याकडे वेळ नाही. सर म्हणाले, “ह्याच्याकडंबी न्हवता. ऐक. ढोल पुढं चाललाय, ह्यो मागं राहतोय. तरी ओळ संपताना दोघं एकाच जागी येत्यात. ह्यो ढोलाच्या मागं पळत न्हाय. तू पळतीस.”

माझा रोग त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखला होता. परीक्षेच्या हॉलमध्ये शेजारची मुलगी जोरात टाइप करायला लागली की माझी बोटं तिच्या मागं धावायची आणि अक्षरं एकावर एक चढायची. दोन्ही वेळा मी अशीच नापास झाले होते. मला ते आतून माहीत होतं, पण कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं.

त्या कॅसेटमध्ये सरांना इतकं काय सापडलं होतं, ते त्यांनी सलग कधी सांगितलं नाही. मशीनांमधून फिरताना तुकड्यातुकड्यानं बोलायचे. ते पोरगं आपल्या बिल्डिंगच्या जिन्याविषयी सांगतं. बंद पडलेली लिफ्ट, आईच्या हातातल्या पिशव्या, तुरुंगातल्या मित्राला लिहिलेलं पत्र, खिडकीखाली उभी राहणारी पोलिसांची गाडी. “ह्यात एक बी गोष्ट मोठी न्हाय,” सर म्हणायचे, “पण पयल्यांदाच बोलतंय न्हवं. पयल्यांदा बोलणारा माणूस काय बी मागं ठेवत न्हाय. त्याला वाटतंय, पुन्हा कोण बोलू देतंय न देतंय.” त्या पोरानं पुढं आणखी कॅसेटी काढल्या, भाच्यानं त्यातली एक दुसऱ्या बंदरातून आणूनही दिली होती. सरांनी ती एकदाच ऐकली. “आता त्याला म्हाईत झालंय की लोक ऐकणार हायत,” म्हणाले आणि ती भाच्याला परत केली.

तिसरं गाणं बरोबर चाळीसच्या वेगाचं होतं. आमची इंग्रजी चाळीसची सगळी बॅच त्यावर चालायची. त्या गाण्यात शेवटच्या कडव्याच्या आधी एक खड्डा होता. म्हणजे आम्ही मुलीच त्याला खड्डा म्हणायचो. ढोल, पियानो, आवाज, सगळं एकदम गप्प, दोन सेकंद काही नाही, आणि मग पुन्हा सुरू. कॅसेट आली त्याच आठवड्यात, सरांनी तिसरं गाणं नीट ऐकण्याआधीच, रेकॉर्डरनं टेप खाल्ली होती. सरांनी ती पेन्सिलीवर गुंडाळून, बोटांनी दाबून सरळ केली, पण टेप चुरगळली त्या जागचा आवाज गेला, असं ते सांगायचे. हे सांगताना दर वेळी त्यांचा चेहरा पडायचा. आम्हाला मात्र त्याची इतकी सवय झाली होती की खड्डा आला की चौदाच्या चौदा मशीनं एकदम थांबायची आणि एकदम सुरू व्हायची. खालचा धान्यवाला त्या वेळी वर बघायचा म्हणे.

मग एक दिवस माझे मामा आले. मामा मिलिटरीतून निवृत्त झालेले, इंग्रजी थोडंफार जाणणारे, आणि इंग्रजी शिव्या तर चांगल्याच जाणणारे. मला घ्यायला आले आणि जिन्यातच थबकले. त्या कॅसेटमध्ये शिव्या होत्या हे खरंच. आम्हाला त्या कळत नव्हत्या, मामांना प्रत्येक कळली. वर येऊन ते सगळ्यांसमोर म्हणाले, “मास्तर, पोरींच्या क्लासात हे लावताय? तरी मी हिच्या आईला सांगत होतो, असल्या ठिकाणी घालू नको.” असल्या ठिकाणी म्हणजे कसल्या, हे त्यांनी भिंतीवरच्या तसबिरीकडे बघून सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजही ते आठवलं की मामांचा राग येतो आणि मी तोंड उघडलं नाही म्हणून स्वतःचाही येतो.

मशीनं थांबली होती. सरांनी टेप बंद केली नाही, आवाज तेवढा कमी केला. कपाटातून एक फाइल काढून मामांच्या हातात दिली. एकवीस पानं. ती सगळी कॅसेट सरांनी कानानं ऐकून, मागं-पुढं करून, शब्दन् शब्द टाइप केली होती. तीन वर्षं लागली होती त्यांना.

“शिव्या हायत की,” सर म्हणाले. “न्हाय म्हणत न्हाय. त्या सोडून काय हाय, तेवढं वाचा आन् मग तिला न्या.”

मामा उभ्याउभ्याच वाचू लागले. बोट ओळीखालून सरकवत. ती आईची आणि जिन्याची जागा असावी, कारण एका पानावर ते बराच वेळ राहिले. मग फाइल मिटून, आवाज उतरवून म्हणाले, “हिची नोकरी गेली तर माझ्या बहिणीला मी काय सांगू?”

“ते मला इचारू नका. ते हिला ठाऊक हाय, म्हणूनच हिची बोटं कापत्यात.”

मामा मला न घेता खाली उतरले. फाइल परत कपाटात ठेवताना मी ती उघडली आणि माझी नजर तिसऱ्या गाण्याच्या पानावर गेली. शेवटच्या कडव्याच्या आधी एक ओळ रिकामी होती, समासापासून समासापर्यंत नुसती टिंबं. सरांनी ते पाहिलं. मी न विचारताच ते बोलू लागले. त्यांचे वडील बिद्रीकडच्या खेड्यातले. जलशात होते. गावोगाव फिरून, गॅसबत्तीच्या उजेडात, लोकांना आपलं जगणं समजावून सांगणारे ते जलसे. गाणं कमी आणि सांगणं जास्त. वडील पहिल्यांदा उभं राहून बोलले तेव्हा निम्मं गाव रडलं होतं आणि निम्मं काठ्या घेऊन आलं होतं, असं सरांच्या आईनं त्यांना सांगितलेलं. त्यातला एक शब्द कुठं उतरवलेला नव्हता.

“आबाचं सगळंच गेलं,” सर म्हणाले. “ह्या पोराचं सगळं ऱ्हायलं हुतं, तर त्यातली एक ओळ माझ्या हातनं गेली.”

ती ओळ मिळवायला त्यांनी काय काय केलं होतं. कोल्हापुरातले कॅसेटवाले खांदे उडवायचे. मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाजवळ ते टाइप केलेली चिठ्ठी द्यायचे. भाच्याची बोट त्या बंदराला परत लागलीच नाही, आणि दुसरीकडं ती पहिली कॅसेट त्याला मिळाली नाही. टिंबं मात्र त्यांनी खोडली नाहीत.

परीक्षेच्या दिवशी, त्या काळच्या रीतीप्रमाणं, आमची मशीनं टेम्पोतून हॉलवर नेली. सर टेम्पोच्या मागच्या बाजूला उभे होते, दोन्ही हात पसरून, खड्ड्यात मशीनं हलू नयेत म्हणून. माझं मशीन त्यांनी स्वतः उचलून टेबलावर ठेवलं, रिबन तपासली आणि बाहेर गेले. सूचना संपल्या, घंटा झाली, आणि पन्नासेक मशीनं एकदम कडाडली.

माझ्या उजवीकडे एक मुलगी होती. ती सत्तरची असावी. पहिल्या दोन ओळींतच माझी बोटं तिच्याकडे ओढ घेऊ लागली. एक अक्षर चुकलं. मला तांदळाचा डबा दिसला. मी दात आवळून डोक्यात तिसरं गाणं लावलं. ढोल सापडला. मग ते पोरगं सापडलं, मागं राहणारं. मी त्याच्याबरोबर राहिले. ओळीमागून ओळ जाऊ लागली, कॅरेजची घंटा वाजत होती, हात परतत होता, आणि पान अर्धं झालं.

आणि खड्डा आला. माझे हात थांबले. परीक्षेच्या ऐन मध्यात, एकेक शब्द मोलाचा असताना, मी दोन्ही हात हवेत धरून बसले. पण त्याच दोन सेकंदांत मला शेजारणीचा आवाज नीट ऐकू आला, म्हणजे तो तिचा आहे, माझा नाही, असा ऐकू आला. हात खाली आले. शेवटचा शब्द टाइप केला आणि शेवटची घंटा झाली.

बाहेर आल्यावर मी सरांना सगळं खरं सांगितलं. मला वाटलं होतं ते हसतील. ते पांढरे पडले. “थांबलीस? किती येळ?” पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिले. निकाल लागेपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मला माहीत, पण सरांनी ते माझ्याहून वाईट काढले. कचेरीच्या दाराशी येऊन उभे राहायचे, आत यायचे नाहीत, आणि मी बाहेर आले की म्हणायचे, “माझ्या फाटक्या टेपापायी तुझी भाकरी गेली तर?” मी कितीही सांगितलं की त्या थांबण्यानंच मी सावरले, त्यांना ते पटलं नाही. त्यांना वाटायचं मी समजूत काढतेय.

मी पास झाले. काठावर नव्हे, चांगली झाले. मेमो डब्याखालून काढून चुलीत घातला. पेढे घेऊन क्लासात गेले तर वर मशीनं चालू होती आणि कोपऱ्यात टेपरेकॉर्डर खोळीत होता. सरांनी पेढा घेतला आणि म्हणाले, “खुर्ची मोकळी कर. पुढची बॅच हाय.” त्या दिवसापासून त्यांनी ती कॅसेट लावली नाही. पोरी पट्टीच्या तालावर टाइप करू लागल्या.

पुढं संगणक आले. सरांनी क्लास बंद केला आणि कळंब्याला घर केलं. माझ्या पगारावर भाऊ शिकला, पुण्याला नोकरीला लागला. एका सुट्टीत तो गाणी भरलेल्या सीडी घेऊन आला, तेव्हा मी त्याला त्या पोराचं नाव सांगितलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू आईच इंग्रजीत बोलायला लागली. “ताई, तुला हे कसं माहीत? ही पहिली कॅसेट तर आमच्याकडं सगळे जपून ठेवतात.” पुढच्या खेपेला त्यानं ती सीडीवर आणली, स्वच्छ, जशीच्या तशी.

मी तिसरं गाणं लावलं. हात पोळीच्या पिठाचे होते. शेवटच्या कडव्याच्या आधी आता ती गेलेली ओळ येणार म्हणून मी श्वास धरून उभी राहिले. ओळ आली नाही. ढोल थांबला, पियानो थांबला, आवाज थांबला. खड्डा आला. आणि आवाज इतका स्वच्छ होता की त्या शांततेच्या शेवटी पोराचा श्वास आत घेतलेला ऐकू आला. मी ते पुन्हा लावलं, मग पुन्हा. भाऊ म्हणाला, हा तर असाच आहे ताई, इथंच सगळे वेडे होतात. मी पीठ तसंच टाकलं आणि रिक्षानं कळंब्याला गेले.

सर बरेच वाळले होते. खिडकीपाशी एक मशीन ठेवलं होतं, बाकीची तेरा कुठं गेली ते मी विचारलं नाही. भावाच्या यंत्रावर मी सीडी लावली. ते गाणं सुरू झाल्याबरोबर त्यांनी ताठ बसून दोन्ही हात मांडीवर ठेवले, मला चार दिवस बसवलं होतं तसे. खड्डा आला. संपला. मी गाणं बंद केलं.

“पुन्हा लाव,” सर म्हणाले.

तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले होते.

“म्हंजी काय बी गेलं न्हवतं?”

“न्हाय सर. तुमच्या हातनं काय बी गेलं न्हाय.”

“पोरगं दम घ्यालंय.” त्यांनी डोळे उघडले. “सगळं बोलून झालंय, आन् शेवटचं बोलायच्या आधी दम घ्यालंय. आन् मी तिथं टिंबं भरून ठेवली.”

मग ते उठले. फाइल काढली, तिसऱ्या गाण्याचं पान बाजूला ठेवलं आणि कोरा कागद मशीनला लावला. समास बघितला. पान न बघता, आठवणीतून, ते गाणं पहिल्या शब्दापासून टाइप करू लागले. वय झालं होतं तरी अजून पन्नासचे होते. मी मागं उभी होते. कॅरेजची घंटा वाजायची, हात परतायचा, पुढची ओळ. टिंबांची जागा आली तेव्हा त्यांची बोटं वर उचलली गेली आणि तशीच राहिली. खिडकीबाहेर कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजली. मग त्यांनी अंगठ्यानं स्पेसबार एकदाच दाबला, आणि पुढचा शब्द घेतला.